आर्डिसची लोण्याची गाय

आर्डिस क्वामला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती काचेच्या थंड खोलीत गायीच्या पोटाखाली उताणी पडून सड बसवत होती. बाहेर जुलैचा उकाडा, जत्रा दोन दिवसांवर, आणि खोली गार ठेवणारं यंत्र घरघरून बंद पडायच्या बेतात. मी आत पाय टाकला तर गायीखालून आवाज आला, "आधी दार लाव, मग काय ते बोल." ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. त्याला आता तेवीस वर्षं झाली आणि या तेवीस वर्षांत आमच्या गाठीभेटी झाल्या त्या बहुतेक त्या खोलीतच.

माझं नाव एल्डन हाऊगे. धंदा फ्रिजदुरुस्तीचा. शाळेचं स्वयंपाकघर, चीजचा कारखाना, दोन बार आणि जत्रेच्या मंडपातली ती काचेची खोली एवढा माझा मुलूख. धंदा मुलीच्या नवऱ्याला देऊ केला तर त्याने दुधाचा टँकर चालवायची नोकरी धरली, म्हणून मी निवृत्त झालो तरी खोलीच्या किल्ल्या माझ्याकडेच राहिल्या. किल्ल्यांपायी जत्रेच्या समितीवरही घेतलं मला. समितीत माझं काम एकच, थंडीचं काही निघालं की मान हलवायची. ते मी बरं करत होतो.

आर्डिस दरवर्षी गाय घडवायची. आधी लोखंडी नळ्या आणि जाळीचा सांगाडा, मग त्यावर सहाशे पौंड लोणी. कधी होल्स्टीन, कधी जर्सी, एकदा वासराला चाटणारी गाय केली होती तेव्हा चीज कारखान्याचा म्हातारा मालक काचेपुढे उभा राहून डोळे पुसत होता आणि कोणी बघितलं की नाक शिंकरत होता. फ्रिजच्या आत असते तेवढ्या थंडीत ही बाई दिवसाला दहा तास उभी. अंगात शिकाऱ्यांचा जाड कापसाचा डगला, डोक्याला लोकरीची टोपी, हात मात्र उघडे. हातमोजे घातले की लोणी कळत नाही म्हणायची. अर्ध्या-पाऊण तासाने कोमट पाण्याच्या बादलीत हात बुडवायचे, पुसायचे, पुन्हा सुरू. डाव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे कायमचे बधिर झाले होते. घरी तवा तापलाय हे तिला वासावरून कळतं, असं तीच हसत सांगायची.

एक गोष्ट समितीतल्या कोणालाच ठाऊक नव्हती, कारण कोणी कधी विचारलंच नाही. ते लोणी दरवर्षी नवं नसायचं. जत्रा उठली की आर्डिस गाय खरवडून पांढऱ्या बादल्यांत भरायची आणि आपल्या गॅरेजमधल्या दोन मोठ्या फ्रीझरांत ठेवायची. त्यातलं काही लोणी चौदा वर्षांचं होतं. खायचं तर सोडाच, झाकण उघडून वास घ्यायचंही काम नाही. पण वर्षानुवर्षं मळून त्यातलं पाणी गेलेलं, म्हणून ते जाळीला घट्ट धरून राहायचं. डेअरीवाले दरसाल नवं लोणी पाठवायचे, ते ती वरच्या थराला थोडंसं वापरायची आणि उरलेलं चर्चच्या स्वयंपाकघरात द्यायची. खोलीत गाय उभी करायला घ्यायच्या नऊ दिवस आधी जुन्या बादल्या बाहेर काढून ते लोणी हाताने मळायला घ्यायचं, हा तिचा नेम. त्या नऊ दिवसांत ती कोणाकडे जेवायला जायची नाही की कोणाला घरी बोलवायची नाही.

आता मुख्य गोष्ट. टेकडीवर एक मोठी डेअरी आहे. सहा हजार गायी. जत्रेचं लोणी तीच देते, काचेच्या खोलीचं विजेचं बिल तीच भरते, गुरांच्या शेडवर नवं छप्पर तिनेच घातलं. आणि बर्फ वितळलं की शेणाचं पाणी टँकरने आणून खालच्या शेतांत ओततात तेही तिचंच. आर्डिसची बहीण लोइस टेकडीच्या पायथ्याशी राहते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये तिच्या विहिरीचं पाणी पिवळट-तपकिरी झालं आणि घरात तीन महिन्यांची नात. आर्डिसने त्या पाण्याची बरणी खिडकीत ठेवली, फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला.

कुठे टाकला, तर गायीच्या पानावर. तिच्या गायीचं एक पान होतं. हजारभर लोक ते बघायचे, जत्रेला किती दिवस उरले एवढंच त्यावर असायचं. फोटोखाली तिने लिहिलं होतं, 'हे माझ्या बहिणीच्या नळाचं पाणी. बाळाची बाटली धुवायला पाणी विकत आणावं लागतं. मी तेवीस वर्षं गाय घडवतेय, दोष गायीचा नाही. दोष कोणाचा ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.' बस, चार ओळी. मी वाचलं तेव्हा मला वाटलं, बरोबर लिहिलंय, आणि मी फोन खिशात ठेवला. खाली दोन शब्द लिहायला माझं काय जात होतं? काही नाही. पण नाही लिहिले.

मग जे व्हायचं ते झालं. दुधावर जगून दुधालाच नावं ठेवते, असं कोणीतरी लिहिलं, आणि त्याच्याखाली रांग लागली. कुठल्याकुठल्या राज्यांतले लोक, ज्यांनी आमचं गाव नकाशातही पाहिलं नसेल, ते तिला शेतकऱ्यांची वैरीण म्हणू लागले. दुसरे तिची बाजू घ्यायला आले ते असे, की दूध पिणंच पाप आहे, गायी मोकळ्या सोडा. त्यामुळे ती आणखीच अडचणीत आली. दर नाताळात बँकेच्या खिडक्यांवर तीच चित्रं काढायची; बँकेने यंदा दुसरी व्यवस्था केल्याचं कळवलं, तेही मे महिन्यातच. चीज कारखान्याच्या कॅलेंडरवरून तिच्या गायीचा फोटो गेला.

गावात मात्र तोंडावर कोणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत. एखादी गोष्ट साफ नावडली तर आम्ही म्हणतो, "हं, वेगळंच आहे," आणि चहाकॉफीकडे वळतो. रस्त्यावर समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची, हा आमचा रामराम. ओळखीचा असो-नसो, बोटं उचलायची. आर्डिसच्या ट्रकला बघून लोकांची बोटं उचलायची थांबली. मी मात्र उचलत होतो, आणि त्याचा मला अभिमानही वाटत होता, यावरून काय ते समजा.

जत्रेचा अध्यक्ष व्हर्लिन ब्रँट याने तिला फोन केला, ते पान काढून टाक म्हणाला. ती म्हणाली, "पाणी अजून तसंच आहे, व्हर्लिन." एवढं बोलून तिने फोन ठेवला. नंतर मात्र रोजच्या शिव्यांना कंटाळून तिने फोन टॉवेलांच्या कपाटात टाकून दिला आणि फेसबुक बघणंच बंद केलं. म्हणजे पान तसंच उघडं, आणि मालकीण घरात नाही.

जूनमध्ये समितीची बैठक झाली. टेकडीवरच्या डेअरीने उघड धमकी वगैरे दिली नव्हती. पत्र फार गोड होतं. आपल्या मदतीचा ओघ कुठे असावा याचा आम्ही नव्याने विचार करत आहोत, असं लिहिलेलं. व्हर्लिनने ते दोनदा वाचलं. मग तो म्हणाला, आर्डिसला थोडी विश्रांती द्यावी, माणूस आहे, दमते. शेजारच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ब्रेट ऑस्टबी म्हणून एक आहे, करवतीने ओंडक्यांची अस्वलं करतो, त्याला विचारलंय. नावाची चर्चा आधी नको, उगाच पुन्हा फेसबुक पेटेल. हात वर करा. आठ जण होतो, आठ हात वर गेले. त्यातला एक माझा. जावयाचा टँकर त्याच डेअरीचं दूध वाहतो हे मी तेव्हा मनात आणलं नाही असं सांगू शकतो, पण ते खरं नाही.

मग प्रश्न निघाला, तिला सांगायचं कोणी. सगळे आपापल्या कपात बघू लागले. शेवटी व्हर्लिन म्हणाला, "एल्डन, तुझं तिच्याशी बरं आहे. तू सांग." मी मान हलवली.

बुधवारी गेलो. आर्डिसला वाटलं मी फ्रीझर बघायला आलोय, कारण एकाच्या झाकणाचं रबर सैल झालं होतं आणि तिने मला ते कधीतरी सांगितलं होतं. म्हणून मी आधी रबर बदललं. मग तिने कॉफी केली, रूबार्बच्या आंबट देठांचा गोड केक कापला. आम्ही पावसावर बोललो, मक्याच्या वाढीवर बोललो. एक तुकडा संपला, तिने दुसरा वाढला. मी म्हणालो, "यंदा जरा वेगळं असेल, आर्डिस." ती म्हणाली, "दरवर्षीच असतं." मी म्हणालो, "तू थोडी विश्रांती घ्यायला हवीस." ती म्हणाली, "नोव्हेंबरात घेईन." मी दोन्ही मांड्यांवर हात आपटून "चला तर मग" म्हणत उठलो. दारात उभ्याने अर्धा तास गेला, गाडीच्या खिडकीशी पंधरा मिनिटं गेली, आणि ती गोष्ट काही माझ्या तोंडून बाहेर पडली नाही.

घरी येताना मी स्वतःची समजूत घातली. ती शहाणी बाई आहे, तिला कळलं असेल. न बोललेलं समजून घेण्यातच आमचं अख्खं आयुष्य जातं. खोलीच्या यंत्राबद्दल ती दरवर्षी चार प्रश्न विचारते, यंदा एकही विचारला नाही, म्हणजे कळलंच. व्हर्लिनला मी फोनवर सांगितलं, "झालं काम." त्याने विचारलं, कसं घेतलं तिने? मी म्हणालो, शांतपणे. यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि सगळंच खोटं होतं.

जत्रेच्या आधीचा सोमवार. सकाळी आठलाच चटके बसत होते. ब्रेट ऑस्टबी पहाटेच येऊन कामाला लागला होता. चाळिशीचा, दाढीवाला, स्वभावाने सरळ माणूस, पण लोण्यापुढे तो पार हरला होता. डेअरीचं ताजं लोणी सांगाड्यावर थापलं की पाच मिनिटांत गायीच्या मांडीवरून घसरायचं. तो मला म्हणाला, यापेक्षा ओंडका बरा, निदान जागेवर तरी राहतो. मी यंत्र दोन अंश खाली आणलं. तेवढ्यात मंडपाच्या मागच्या दाराशी ट्रक उलटा येऊन लागला, आणि मी आवाजावरूनच ओळखला.

आर्डिस उतरली ती कामाच्याच वेशात, तो जाड डगला, ती टोपी. मागे बारा पांढऱ्या बादल्या दोरीने बांधलेल्या. तिने एक बादली उचलली, दारातून आत आली आणि काचेशी थांबली. आत ब्रेट गुडघ्यावर बसून गायीची मांडी दोन्ही हातांनी धरून होता. त्याने वर बघितलं आणि तसाच थिजला.

"हा कोण?" तिने विचारलं.

"ब्रेट. अस्वलं करतो."

"लाकडाची?"

"हो."

तिने बादली खाली ठेवली. बराच वेळ ती आत बघत राहिली, रागाने नाही, कशानेच नाही. मग माझ्याकडे न वळता म्हणाली, "त्या बुधवारी तू हे सांगायला आला होतास."

"हो."

"आणि सांगितलंस असं तुला वाटलं."

इथे मला हो म्हणता आलं असतं. तेवढी वाट तिने मला मोकळी ठेवली होती. पण मी म्हणालो, "नाही. सांगितलं नाही हे मला माहीत होतं."

तिने मान हलवली. मग ट्रककडे जाऊन तिने उरलेल्या बादल्या उतरवायला घेतल्या. मी हात लावायला गेलो तर तिने अडवलं नाही. बारा बादल्या आम्ही दोघांनी रांगेत काचेशी लावल्या. शेवटची ठेवून ती म्हणाली, "हे जत्रेचं लोणी आहे. नऊ दिवस मळलंय. त्याला सांग, नव्यात पाणी फार, मांडीला टिकणार नाही. आधी हे खाली लावायचं, बोटभर जाड, मग ते." आवाज अगदी रोजचा. फ्रीझरच्या रबराबद्दल बोलावं तसा.

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली की ट्रक दारात अडतोय, गुरांच्या गाड्या येतील. आणि गेली. बाहेर नव्वद फॅरनहाइटच्या पुढे पारा, अंगात थंडीचा तो डगला, टोपी कानापर्यंत. ट्रकच्या काचा बंद. तिला उकडतंय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यापेक्षा तिने एखादी बादली माझ्या डोक्यात घातली असती तर मी घरी जाऊन सुखाने झोपलो असतो.

ब्रेटने तसं केलं आणि गाय उभी राहिली. अस्वलाच्या अंगाने गेली होती थोडी, खांदे फार भरलेले. काचेवर त्याच्या नावाची पाटी लागली. लोक यायचे, बघायचे, "हं, वेगळीच आहे," म्हणायचे आणि तळलेलं चीज घ्यायला पुढे जायचे. आर्डिस कुठे आहे असं सहा दिवसांत एकानेही विचारलं नाही. डेअरीच्या मालकाने गायीबरोबर फोटो काढून घेतला. जत्रा संपल्यावर ब्रेटने मला विचारलं, या बाईचंही नाव पाटीवर हवं होतं, नाही का? मी म्हणालो, हो, हवं होतं. एवढंच बोललो.

नोव्हेंबरात काउंटीने टेकडीखालच्या विहिरी तपासल्या. अकरापैकी सात वाईट निघाल्या. वर्तमानपत्रात आलं, डेअरीला शेणाच्या टाक्या नव्याने बांधायला सांगितलं, लोइसच्या घरी बाटल्यांतलं पाणी फुकट यायला लागलं. गावात लोक म्हणू लागले की आर्डिसचं चूक नव्हतं तसं, फक्त बोलण्याची तऱ्हा जरा, म्हणजे, फेसबुकवर कशाला. गाड्यांतली बोटं पुन्हा उचलली जाऊ लागली. मार्चच्या बैठकीत व्हर्लिनने सुचवलं की यंदा तिला परत बोलवावं, झालं गेलं विसरून. माफी असा शब्द कोणी काढला नाही. हात वर करा. आठ हात. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गेलो. आता ती पलीकडच्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला जाते. शनिवार होता, ती टेबलावर टॉवेलांच्या घड्या घालत होती. या वेळी मी खुर्चीवर बसायच्या आधीच बोललो. म्हणालो, जूनमध्ये माझाही हात वर होता. मला पाठवलं होतं ते तुला सांगायला आणि मी घाबरलो. तू नऊ दिवस लोणी मळत होतीस आणि मला रोज आठवत होतं की तू मळत असशील, आणि तरी मी गाडी काढून आलो नाही. मला लाज वाटते, आर्डिस. साठ-पासष्ट वर्षांत एवढं सलग मी कोणाशी बोललेलो नाही, बायकोशी लग्न ठरवतानाही नाही.

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "बरं वाटलं म्हणायला हवं, एल्डन. वाटत काही नाही, पण तू आलास म्हणून म्हणते."

मी समितीचा निरोप सांगितला. पाटीवर नाव मोठं असेल, गायीची जात तू ठरव, खोली हवी तेवढी गार ठेवीन.

"हात येतील माझे," ती म्हणाली. "हातांचं काही नाही. पूर्वी मी कुठून गाडीने जायचे ना, कुंपणाशी गाय उभी असली की माझी बोटं स्टिअरिंगवरच चालायला लागायची. कुठे हाड वर येतंय, कुठे कातडी सैल पडलीय. समोरचा रस्ता दिसावा तसं सगळं आपोआप दिसायचं, मी बघत नव्हते तरी." तिने एका टॉवेलाची घडी उलटी घातली होती, ती उलगडून पुन्हा घातली. "आता गाय दिसली की गाय दिसते. बाकी काही नाही. हिवाळाभर वाट बघितली. लोइसकडे जाऊन मुद्दाम कुंपणाशी उभी राहिले, थंडीत, तासभर. गाय चरत होती आणि मी उभी होते."

मी विचारलं, परत येईल का ते. ती म्हणाली, तिला माहीत नाही. मग तिने विचारलं की मुलगी कशी आहे, जावयाची पाठ बरी झाली का, आणि मी सगळ्याची उत्तरं दिली. निघताना दारात आम्ही उभे राहिलो नाही.

बैठकीत मी सांगितलं की ती नाही म्हणाली. व्हर्लिनने सुस्कारा टाकला आणि म्हणाला की अजून राग धरून बसलीय म्हणायची.

"नाही," मी म्हणालो. "राग उरला असता तर त्या रागाने तरी आली असती."